आधी जागा, मग लेन्स, शेवटी बॉडी: इंदूरच्या नवशिक्यांसाठी कॅमेरा-खरेदी

रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत दहीवडेवाल्याने दोना हवेत भिरकावला की गर्दीतले वीस मोबाईल एकदम वर जातात. दोना गिरकी घेऊन परत त्याच्याच हातात येतो, दह्याचा थेंब सांडत नाही. फोटोत मात्र एक पांढरा फराटा उरतो. त्या रात्री घरी जाता जाता माणूस ठरवतो की आता खराखुरा कॅमेरा घ्यायचाच. मग आठवडाभर व्हिडिओ बघून डोकं पिकवतो आणि मला विचारतो, "ताई, कॅननचा आर ५० घेऊ, निकॉनचा झेड ५० घेऊ की सोनीचा ए ६४००?"

दर दिवाळीच्या आधी हा प्रश्न येतो आणि दर वेळी मी उलटा प्रश्न टाकते: फोटो कुठे उभं राहून काढणार? सराफ्यात दोन हातांवरून? सिरपूर तलावाच्या काठावरून? की घरात ट्यूबलाइटखाली, नातवाच्या वाढदिवसाला? याचं उत्तर असेल तर लेन्स जवळपास आपोआप ठरते, आणि लेन्स ठरली की बॉडीचा प्रश्न निम्मा सुटतो. उत्तर नसेल तर पैसे अजून खिशातच राहू द्या.

पायरी १: महिनाभर मोबाईलवर हिशेब

एक वही घ्या. मोबाईलवर फोटो काढताना जिथे जिथे "अरे, हे जमलं नाही" असं वाटेल, तिथे तीन गोष्टी लिहा: जागा, उजेड आणि अंतर. अंतर पावलांत लिहिलं तरी चालेल. महिन्याभरात वीस-पंचवीस नोंदी झाल्या की तुमचा स्वभाव कळतो. माझ्या भाच्याला वाटत होतं की त्याला पक्ष्यांची आवड आहे. वहीत निघालं की पंचवीसपैकी अठरा फोटो माणसांचे, तेही रात्रीचे, तेही खाताना. पोराने मोठी टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी लेन्स) घेतली असती तर ती कपाटातच राहिली असती.

आता त्या अंतराचं लेन्सशी गणित जोडायचं. घाबरू नका, भागाकार आहे फक्त. नवशिक्यांच्या बहुतेक कॅमेऱ्यांत एपीएस-सी नावाचा सेन्सर असतो, त्याची रुंदी साधारण २३.५ मिलिमीटर (कॅननमध्ये थोडी कमी, २२.३). सूत्र असं: अंतराला २४ ने गुणा आणि लेन्सच्या एमएमने (लेन्सवर लिहिलेल्या फोकल लेंग्थच्या आकड्याने) भागा. फोटोत किती रुंदीचं दृश्य मावेल, ते मिळतं.

उदाहरण घेऊ. यशवंत सागरावर सारस बघायला गेलात. पक्षी चाळीस मीटरवर. बॉडीबरोबर येणाऱ्या किट लेन्सच्या ५५ एमएमवर तुमच्या फ्रेमची रुंदी भरते सतरा मीटरहून जास्त, म्हणजे सारस एक काडी. ३०० एमएम लावली की रुंदी होते सव्वातीन मीटरच्या आत आणि उंची दोन मीटरच्या थोडी वर. सारस जवळजवळ माणसाएवढा उंच, त्यामुळे तो डोक्यापासून पायापर्यंत झकास भरतो. पण त्याच अंतरावर खंड्या बसला असेल तर तो वीतभराचा जीव, ३०० एमएमलाही ठिपकाच. म्हणून "पक्ष्यांसाठी कोणती लेन्स?" या प्रश्नाला एक उत्तर नाही. आधी कोणता पक्षी आणि तो किती जवळ येऊ देतो, ते सांगा.

उलट बाजूचंही गणित करून बघा. आपल्या जुन्या वाड्यातल्या खोलीत पाठ भिंतीला टेकवून उभे राहिलात, समोर केक तीन मीटरवर. ५० एमएममध्ये दीड मीटरहून कमी रुंदी मावते, म्हणजे नातू, केक आणि आजीचा अर्धा खांदा. ३५ एमएममध्ये दोन मीटर. १८ एमएममध्ये चार मीटर, सगळं कुटुंब. "पहिली प्राइम (झूम न होणारी लेन्स) ५० एमएमचीच घ्या" हा सल्ला फुल फ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, काळातला आहे. एपीएस-सी बॉडीवर ती दीडपट लांब वाटते, सुमारे ७५ एमएमसारखी. चेहऱ्यांना छान, खोलीत अडचणीची.

पायरी २: उजेडाचा हिशेब

लेन्सवर लिहिलेल्या आकड्यांत एमएमच्या शेजारी एफचा आकडा असतो. तो जितका लहान तितकी खिडकी मोठी. किट लेन्सवर बहुधा ३.५-५.६ असं काहीतरी लिहिलेलं असतं. याचा अर्थ झूम पूर्ण बाहेर काढला की खिडकी एफ ५.६ इतकीच उघडते. एफ १.८ ची लेन्स त्याच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. चुकून छापलेलं नाही, दहापटच: ५.६ ला १.८ ने भागून वर्ग करा.

आता सराफ्यातला दोना परत घेऊ. समजा बल्बांच्या उजेडात एफ ५.६ वर आणि आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील, तो आकडा) ६४०० वर तुम्हाला शटर मिळतंय १/६० सेकंद. दोना थांबवायला हवं निदान १/५००. म्हणजे आठपट कमी वेळ. तो तोटा भरून काढायला किट लेन्सवर आयएसओ पन्नास हजारांच्या वर न्यावा लागेल, आणि मग दह्यात रवा पडल्यासारखा फोटो येईल. एफ १.८ वर मात्र त्याच ६४०० आयएसओला १/५०० मिळतो. हा फरक बॉडी बदलून इतक्या स्वस्तात येत नाही.

इथे दुकानात एक गोष्ट हमखास ऐकवतात: "दीदी, ह्यात स्टॅबिलायझेशन आहे, रात्री चिंता नको." स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताचं कंपन थांबवतं. दोना, नाचणारं पोर, अनंत चतुर्दशीच्या रात्री पुढे सरकणारी झाँकी, यांतलं काही ते थांबवत नाही. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या संध्याकाळी निवांत टिपायच्या असतील तर ते कामाचं. हलणाऱ्याला फक्त शटरच आवरतं.

एफ १.८ चा मोह पडतो, म्हणून इशाराही देते. जवळून काढलात तर एक डोळा टोकदार आणि दुसरा धुरकट अशी गत होते. चार माणसं दोन रांगांत उभी असतील तर एफ ४ ते ५.६ वर या. मंगळागौरीच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेतल्या सगळ्या काकू धूसर आल्या होत्या माझ्या. अजून ऐकवतात.

पायरी ३: दोनच लेन्स निवडा

पहिल्या वर्षी दोन लेन्स पुरतात. तिसरी घ्यायची खाज सुटली तर वही परत उघडा.

पहिली, बॉडीबरोबर येणारी किट लेन्स. तिला नाकं मुरडायची फॅशन आहे. पण दिवसाउजेडी राजवाडा काढायचा असेल तर तिच्यात काही कमी नाही. एफ ८ वर ठेवा आणि समोरच्या बागेत जितकं मागे जाता येईल तितकं जा, कॅमेरा उभा धरा. नवशिका दरवाजाच्या पुढ्यात उभा राहून कॅमेरा आभाळाकडे करतो आणि सातही मजले मागे कलंडल्यासारखे दिसतात. सेन्सर भिंतीला समांतर राहिला की रेषा सरळ राहतात. खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी, हा फरक मग फोटोत नीट वाचता येतो. ह्यासाठी महागडी वाइड लेन्स लागत नाही, दहा पावलं मागे जावं लागतं.

दुसरी लेन्स वही सांगेल ती. घर, सराफा, माणसं असतील तर ३५ एमएमच्या आसपासची एफ १.८ किंवा १.४ प्राइम. चेहरेच चेहरे असतील तर ५० एमएम एफ १.८, कॅननची जुन्या ईएफ माउंटची (माउंट म्हणजे काय ते पायरी ४ मध्ये) ५० एमएम एसटीएम हौशी लोकांत इतकी पसरली आहे की वापरलेलीही सहज मिळते. पक्षी आणि खेळ असतील तर ५५-२५० किंवा ७०-३००. सिरपूरला जाऊन बसायची चिकाटी खरोखर असेल तरच १००-४०० किंवा १५०-६०० चा विचार करा. २०२२ पासून सिरपूर आणि यशवंत सागर दोन्ही रामसर स्थळं (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा) आहेत, हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतातच, पण ६०० एमएमची लेन्स हातात धरून तासभर उभं राहणं ही वेगळी तपश्चर्या आहे. ती आधी एक दिवस भाड्याने घ्या. लग्नाचं काम करणारे फोटोग्राफर बहुतेक कुठून ना कुठून लेन्स भाड्यानेच आणतात. ओळख काढा, डिपॉझिट भरा, एक रविवार वापरा. दंड दुखला की निर्णय आपोआप होतो.

किट लेन्सच नको आणि खिसा थोडा मोठा असेल तर १८-५० एफ २.८ सारखी झूम. सिग्माची ह्या आकड्यांची लेन्स सोनी, फुजी, कॅनन आरएफ अशा बऱ्याच माउंटमध्ये मिळते, आणि एकट्या लेन्सवर वर्ष काढायचं झालं तर मी हीच घेईन.

१८-३०० सारख्या "सगळं एकात" लेन्सबद्दल माझं मत चांगलं नाही. वरातीत, प्रवासात सोय होते हे कबूल. पण लांब टोकाला तिची खिडकी इतकी लहान होते की संध्याकाळ झाली की ती दुकान बंद करते.

पायरी ४: माउंट म्हणजे सोयरीक

बॉडी आणि लेन्स जिथे जुळतात त्या कडीला माउंट म्हणतात. एका कंपनीची लेन्स दुसरीच्या बॉडीवर सरळ बसत नाही. एकदा दोन-तीन लेन्स झाल्या की घर बदलणं महाग पडतं, त्यामुळे सोयरीक करताना घराणं बघायचं.

आजची घराणी: सोनीचा ई माउंट २०१० पासून, फुजीचा एक्स २०१२ पासून, कॅननचा आरएफ आणि निकॉनचा झेड दोन्ही २०१८ पासून. हे सगळे मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले. सोनी आणि फुजी जुने असल्यामुळे त्यांच्यासाठी इतर कंपन्यांच्या लेन्स भरपूर. कॅनन आरएफमध्ये एपीएस-सी बॉडींसाठी सिग्मा आणि टॅमरॉनच्या लेन्स २०२४ पासून यायला लागल्या, निवड आता वाढते आहे.

जुन्या डीएसएलआरना (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांना) मोडीत काढू नका. कॅननचा ईएफ माउंट १९८७ चा, निकॉनचा एफ १९५९ चा. इतक्या वर्षांच्या लेन्स बाजारात फिरताहेत. कमी पैशांत शिकायचं असेल तर वापरलेली डीएसएलआर आणि एक प्राइम हा आजही सगळ्यात शहाणा सौदा आहे. कॅननच्या ईएफ लेन्स पुढे कंपनीच्या अडॅप्टरने आरएफ बॉडीवर ऑटोफोकससकट चालतात, त्यामुळे पैसे वाया जात नाहीत.

निकॉनच्या बाबतीत एक मेख आहे आणि ती मी स्वतः अनुभवली आहे. लेन्सच्या नावात एएफ-डी असेल तर तिच्यात फोकसची मोटर नसते, ती बॉडीतल्या मोटरवर चालते. आणि डी ३००० किंवा डी ५००० मालिकेच्या हलक्या बॉडीत ती मोटर नसतेच. मी एका दुकानातून वापरलेली ५० एमएम एफ १.८ डी उचलली, घासाघीस करून, जेल रोडवर मोबाईलचं कव्हर घेतल्याच्या आनंदात. संध्याकाळी सराफ्यात गेले, बटण दाबलं, आणि लेन्स ढिम्म. दुकानदाराने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. रात्रभर हाताने फोकस केला. चाळीस फोटोंत तीन आले. अशा बॉडीला एएफ-एस लिहिलेली लेन्स बघा. डी ७००० मालिकेत मोटर असते, तिथे डी चालते.

आणखी एक: एपीएस-सीसाठी बनवलेली लेन्स फुल फ्रेम बॉडीवर लावली तर चित्राचा फक्त मधला भाग घेतला जातो, २४ मेगापिक्सेलचे दहा-साडेदहा उरतात. उलट, फुल फ्रेमची लेन्स एपीएस-सीवर मजेत चालते, फक्त वजन आणि किंमत जास्त.

पायरी ५: आता बॉडी

इथवर आलात तर बॉडीला फार वेळ लागत नाही.

मेगापिक्सेलवर भांडू नका. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० गुणिले ४००० ठिपके. छापखान्याच्या ३०० डीपीआयने वीस बाय तेरा इंचांचा प्रिंट निघतो. दिवाणखान्यात लावायला एवढा बास.

व्ह्यूफाइंडर मात्र हवाच. मे महिन्यात माळव्याच्या उन्हात महेश्वरच्या घाटावर उभे राहा आणि मागच्या स्क्रीनवर काही दिसतं का बघा. स्वतःचा घामेजलेला चेहरा दिसतो. निकॉनची झेड ३० आणि सोनीची झेडव्ही-ई१० ह्या व्हिडिओवाल्यांसाठी बनवलेल्या बॉडी आहेत, त्यांत डोळा लावायची खिडकीच नाही. कॅननचा आर १०० स्वस्त आहे, पण त्याची स्क्रीन टचची नाही आणि वळतही नाही. मोबाईलवरून आलेल्या माणसाला ते पहिल्या दिवशीच खुपतं.

बॉडी हातात धरून बघा. करंगळी खाली लोंबकळते का, अंगठ्याला एक आणि तर्जनीला एक अशी दोन चाकं आहेत का, डोळा ओळखून फोकस धरणारी सोय आहे का. रोज वापरात हेच जाणवतं.

फुल फ्रेम? तिचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, एपीएस-सीच्या सव्वादोनपट क्षेत्रफळाचा, त्यामुळे रात्री साधारण एक स्टॉपचा, म्हणजे दुप्पट उजेडाचा, फायदा. पण लेन्सही त्याच मापात जड आणि महाग. मी पहिल्या कॅमेऱ्याला कुणालाच सुचवत नाही. कुणी रागावलं तर रागावो.

"साध्या कॅमेऱ्याने काय होणार" असं वाटत असेल तर आपल्याच गावाची गोष्ट आठवा. एकोणिसाव्या शतकातले नामांकित छायाचित्रकार लाला दीनदयाळ इंदूरला आले ते बांधकाम खात्यात नकाशे काढायच्या नोकरीवर. फोटोग्राफी त्यांनी १८७४ च्या सुमारास, नोकरी सांभाळून, हौसेखातर धरली. काचेच्या प्लेटा, लाकडी खोका आणि तिवई एवढ्यावर. पुढे हैदराबादच्या निजामाने त्यांना राजा केलं, पण सुरुवात इथल्याच कचेरीतून सुटल्यावरची.

पायरी ६: पैशांची वाटणी

समजा साठ हजार आहेत. नवशिका पंचावन्न बॉडीवर घालवतो आणि पाचांत बॅग घेतो. मी सांगेन: बॉडी आणि किट लेन्स मिळून पस्तीसपर्यंत, त्यासाठी एक पिढी जुनी किंवा वापरलेली चालेल. पंधरा दुसऱ्या लेन्सला. उरलेल्या दहात दुसरी बॅटरी, व्ही ३० लिहिलेली दोन मेमरी कार्डं (खात्रीच्या दुकानातून, नकली कार्डांचा सुळसुळाट आहे), लेन्सचा हुड, रबरी ब्लोअर आणि एक घट्ट झाकणाचा डबा. डब्याकडे परत येते.

पायरी ७: वापरलेला माल तपासताना

लेन्सची दोन्ही झाकणं काढा, मोबाईलची टॉर्च मागून लावा आणि पुढून तिरकं बघा. धुळीचे दोन-चार कण असले तर असू द्या. कोळ्याच्या जाळ्यासारख्या किंवा बर्फाच्या फुलासारख्या बारीक रेषा दिसल्या तर ती फंगस, भाव कितीही पाडला तरी सोडून द्या. अपर्चरच्या (म्हणजे लेन्सच्या खिडकीच्या) पात्यांवर तेलाचा चकाकणारा डाग नको. मग लेन्स बॉडीवर लावून जवळचं, लांबचं, परत जवळचं असा फोकस धरून बघा. घरघर आवाज किंवा अडखळ नको.

बॉडीत एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. राखाडी ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, ती साफ होते. सरळ रेघ असेल तर ओरखडा, तो होत नाही. शटर काउंट मागा. साध्या बॉडींचं शटर साधारण लाखभर क्लिकसाठी बनवलेलं असतं, लग्नाच्या सीझनमध्ये काम केलेली बॉडी तिथवर लवकर पोचते. बिलावरचा आणि बॉडीवरचा सीरियल नंबर जुळवा. बिल नसेल तर मी घेत नाही.

आणि गेर

रंगपंचमीच्या गेरीत (रंगांच्या मिरवणुकीत) कॅमेरा न्यायचा का, हा प्रश्न फेब्रुवारीपासून येतो. वरून पाणी, टँकरमधून रंग, आणि गुलाल तर पिठाहून बारीक. वेदर सीलिंग असलेली बॉडीसुद्धा ह्याची हमी घेत नाही. शक्य असेल तर राजवाड्याजवळच्या कुणाच्या तरी गच्चीवर जागा धरा आणि टेलिफोटो वापरा. खाली उतरायचंच असेल तर झूम नको. पुढे-मागे होणारी नळी हवा ओढते आणि हवेबरोबर गुलाल. जुनी प्राइम लावा, कॅमेऱ्यावर जाड पॉलिथिन चढवा, लेन्सच्या तोंडाशी रबर बँड आवळा, पुढे एक साधा फिल्टर. घरी येईपर्यंत लेन्स काढायची नाही. आल्यावर आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, शेवटी कापड. कापड आधी फिरवलंत तर गुलाल काचेवर घासला जातो.

आता तो डबा. पावसाळ्यात पातालपाणी, चोरल करून आलात की कॅमेरा थेट बॅगेत कोंबू नका, पंख्याखाली तासभर उघडा ठेवा. मग हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. छोटा हायग्रोमीटर टाकलात तर उत्तम, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राहिली की फंगस धरत नाही. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओले झाले. जुन्या तव्यावर मंद आचेवर परत निळे होईपर्यंत गरम करायचे, खिडकी उघडी ठेवून. निळ्या रंगात कोबाल्ट असतं, म्हणून तो तवा पुन्हा पोळ्यांना घेऊ नका.